सोयरे आणि भाऊबंद : महाभारतातील कुरुकुलाची नाती

महाभारत आणि रामायण या दोन्ही महाकाव्यांत राजकुलाची ओळख वंशावळीने करून दिली जाते आणि ती वंशावळ बहुतेक ठिकाणी बापाकडून मुलाकडे उतरत जाते. स्त्रिया तिच्यात आल्याच, तर कोणाची तरी पत्नी किंवा कोणाची तरी माता म्हणून येतात. प्रत्यक्ष कथा मात्र या वंशावळीच्या आधाराने चालत नाही. गादी कोणाकडे जाणार हे पुष्कळदा लग्नाआधी वधूच्या बाजूने घातलेल्या अटीवर ठरते, ज्यांच्या अंगात घराण्याचे रक्त नाही असे पुरुष त्या घराण्याचे राजे होतात आणि संकटाच्या वेळी धावून येतात ते मामा, मेहुणे आणि सासरे. पितृकुळातील नातलगांना मराठीत भाऊबंद म्हणतात आणि लग्नसंबंधाने जोडल्या गेलेल्यांना सोयरे म्हणतात. भाऊबंदांचा वारशावर हक्क असतो आणि म्हणूनच त्यांच्यात वैर उभे राहते. सोयऱ्यांचा तसा हक्क नसतो आणि म्हणूनच ते मदतीला येऊ शकतात. कुरुकुलाची कथा या दोन प्रकारच्या नात्यांच्या ओढाताणीतून घडली आहे, आणि वंशावळीने ज्यांना गौण ठरवले त्या स्त्रियांकडून आलेल्या नात्यांनीच ते राजकुल अखेर तगले.

या विवेचनासाठी महाभारताची कोणती संहिता प्रमाण मानायची हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण लोकपरंपरेत रुळलेले अनेक प्रसंग जुन्या संहितेत आढळत नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली चिकित्सित आवृत्ती १,२५९ हस्तलिखितांच्या तुलनेतून सिद्ध झाली असून, विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे प्रमुख संपादकपद सांभाळले. शकुनीने बापाच्या अस्थींचे फासे केले आणि कुरुकुलाचा सूड उगवण्यासाठीच तो हस्तिनापुरात राहिला, ही लोकप्रिय कथा या आवृत्तीत नाही. तेथे शकुनी हा भाच्याच्या बाजूने कपट करणारा मामा आहे, आणि नात्यांच्या अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे हे साधे रूप अधिक बोलके आहे. इरावती कर्वे यांनी याच आवृत्तीच्या आधारे महाभारतातील नातेवाचक शब्दांचा आणि कुटुंबरचनेचा शोध घेतला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मधील व्यक्तिचित्रांच्या मागेही एका मानवशास्त्रज्ञाची नात्यांकडे पाहण्याची ही शिस्तबद्ध दृष्टी उभी आहे.

थोरला, धाकटा आणि गादी

ज्येष्ठ पुत्राने राज्य करावे हा नियम रामाच्या इक्ष्वाकुकुलात अढळ मानला जातो आणि रामाने वनातून परतावे म्हणून त्याची मनधरणी करताना वसिष्ठ त्याच नियमाचा आधार घेतात. चंद्रवंशाचा पूर्वेतिहास मात्र या नियमाला वारंवार बगल देतो. ययातीला देवयानीपासून यदू आणि तुर्वसू, तर शर्मिष्ठेपासून द्रुह्यू, अनू आणि पूरू असे पाच मुलगे झाले. शुक्राचार्यांच्या शापाने बापाला अकाली आलेले म्हातारपण यांपैकी फक्त सर्वांत धाकट्या पूरूने स्वतःवर घेतले, म्हणून गादी त्याला मिळाली. थोरल्याला डावलून धाकट्याला राज्य का, असा जाब प्रजेने विचारला तेव्हा बापाच्या इच्छेविरुद्ध वागणाऱ्याला सज्जन पुत्र मानत नाहीत असे उत्तर ययातीने दिले. यदूपासून यादव झाले आणि पूरूच्या वंशात पुढे भरत, हस्ती आणि कुरू झाले, त्यामुळे कृष्ण आणि पांडव हे जवळचे मामेभाऊ-आतेभाऊ तर आहेतच, पण अनेक पिढ्यांपूर्वी फुटलेल्या एकाच कुळाचे दूरचे भाऊबंदही आहेत.

कुरूच्या वंशातील प्रतीप राजाच्या वेळी हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याचे तीन मुलगे म्हणजे देवापी, बाह्लीक आणि शंतनू. थोरला देवापी गुणी आणि लोकप्रिय होता, पण त्याला त्वचेचा रोग होता आणि अंगात व्यंग असलेल्या पुरुषाचा अभिषेक देवांना रुचत नाही असे म्हणून ब्राह्मणांनी आणि वृद्धांनी तो अडवला; देवापी वनात निघून गेला. मधला बाह्लीक आपले राज्य सोडून मामाच्या घरी गेला आणि तेथील समृद्ध राज्याचा धनी झाला. अशा रीतीने गादी तिसऱ्याकडे, म्हणजे शंतनूकडे आली. यास्काच्या निरुक्तातही ही कथा येते आणि तेथे थोरल्याला ओलांडून शंतनूने राज्य घेतल्यामुळे बारा वर्षे पाऊस पडला नाही असे सांगितले आहे. थोरल्याला डावलणे हा अधर्म आहे ही जाणीव आणि तरीही तसे घडत राहणे, या दोन्ही गोष्टी परंपरेने एकत्र जपल्या आहेत.

देवापीची हकीकत महाभारतात उद्योगपर्वात येते आणि ती दुर्योधनाला सांगतो तो खुद्द धृतराष्ट्र. अंगहीन असल्यामुळे आपण थोरले असूनही राज्याला मुकलो, ते पांडूकडे गेले आणि पांडूनंतर त्याच्या मुलांचे झाले. ज्याच्या बापाच्या वाट्याला राज्य आले नाही त्याने ते कशाच्या बळावर मागावे, असा प्रश्न बाप मुलाला विचारतो. आयुष्यभर मुलाच्या हट्टापुढे नमणाऱ्या धृतराष्ट्राच्या तोंडी कवीने घराण्याच्या कायद्याचे सर्वांत स्वच्छ विवेचन घातले आहे, आणि त्यामुळे त्याची पुढची हतबलता अधिकच दारुण वाटते. अर्थात दुर्योधनाची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. त्याचा बाप ज्येष्ठ होता, पांडू वनात गेल्यानंतर प्रत्यक्ष राज्य त्यानेच चालवले होते, आणि ज्या मुलांसाठी वाटा मागितला जात होता त्यांच्यापैकी एकही पांडूच्या पोटचा नव्हता.

वधूपक्षाची अट

राजाच्या अनेक राण्या असत, आणि मागाहून येणाऱ्या राणीच्या मुलाला गादी मिळेलच याची शाश्वती नसे. या अनिश्चिततेवर वधूपक्षाने शोधलेला उपाय म्हणजे विवाहाआधीच नातवासाठी राज्याचे वचन घेणे. आदिपर्वातील शकुंतला कण्वाच्या अनुपस्थितीत दुष्यंताशी गांधर्वविवाहाला, म्हणजे केवळ परस्परसंमतीने होणाऱ्या विवाहाला, तयार होते ती आपल्या पोटी येणारा मुलगा युवराज होईल या अटीवर. पुढच्या काळातील नाटकामुळे वाचकांच्या मनात ठसलेली मुग्ध शकुंतला आणि ही व्यवहारज्ञानी शकुंतला यांत मोठे अंतर आहे. भर सभेत दुष्यंताने ओळख नाकारल्यावर ती त्याला ज्या तेजाने सुनावते, त्याचे मूळ या कराराच्या जाणिवेत आहे.

सत्यवतीच्या बाबतीत ही अट तिला वाढवणाऱ्या कोळ्यांच्या राजाने, दाशराजाने घातली. त्याने आधी शंतनूकडे नातवासाठी राज्य मागितले, आणि शंतनूचा मुलगा देवव्रत याने आपला हक्क सोडल्यावरही तो थांबला नाही; तू शब्द पाळशील, पण तुझ्या मुलांचे काय, असा पुढचा प्रश्न त्याने केला आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्य पत्करले. रामायणातही हाच धागा सापडतो. कैकेयीचे दोन वर सर्वांना ठाऊक असतात, पण अयोध्याकांडात राम भरताला आणखी एक गोष्ट सांगतो : दशरथाने कैकेयीशी विवाह करताना तिच्या पित्याला राज्यशुल्काचे वचन दिले होते. शुल्क म्हणजे वधूच्या बदल्यात वधूपक्षाला द्यायचे मोल, आणि येथे ते मोल म्हणजे खुद्द राज्य. भरत केकय देशात मामा युधाजित याच्याकडे गेलेला असतानाच अभिषेक उरकून घ्यावा, ही दशरथाची घाई या वचनाच्या प्रकाशात वाचली की वेगळी दिसू लागते. दोन्ही महाकाव्यांतील संकटाचे मूळ अशा रीतीने वधूपित्याला दिलेल्या शब्दापर्यंत जाऊन पोहोचते, आणि दोन्हीकडे त्या शब्दाची किंमत थोरल्या सावत्र मुलाने मोजली आहे.

क्षेत्र आणि बीज

दाशराजाच्या अटीने शंतनूचा थोरला मुलगा वंशातून बाजूला झाला, पण ज्यांच्यासाठी ती अट होती ते सत्यवतीचे दोन्ही मुलगे निपुत्रिक मेले. चित्रांगद त्याच नावाच्या गंधर्वाशी लढताना मारला गेला. विचित्रवीर्य, ज्याच्यासाठी देवव्रताने, म्हणजेच भीष्माने, काशीराजाच्या मुली स्वयंवरातून हरण करून आणल्या होत्या, तो सात वर्षांच्या संसारानंतर क्षयाने गेला. मागे अंबिका आणि अंबालिका या दोन तरुण विधवा राहिल्या. येथे सत्यवतीने नियोगाचा मार्ग धरला. नियोग म्हणजे मृत किंवा असमर्थ पतीसाठी, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने, दिराकडून किंवा अन्य योग्य पुरुषाकडून पत्नीच्या ठायी पुत्र उत्पन्न करवणे. धर्मशास्त्राने यासाठी शेताची भाषा वापरली आहे : पत्नी हे क्षेत्र, पती हा क्षेत्राचा धनी, आणि पीक बी पेरणाऱ्याचे नसून क्षेत्रधन्याचे. अशा पुत्राला क्षेत्रज म्हणतात. मनुस्मृतीने नियोगाचे नियम दिले आहेत आणि लगेच पुढच्या श्लोकांत त्याची कठोर निंदाही केली आहे, त्यावरून ही चाल एका काळी रूढ होती आणि पुढे समाजाला ती नकोशी झाली हे स्पष्ट होते.

सत्यवतीने प्रथम भीष्मालाच सांगितले आणि त्याने प्रतिज्ञेमुळे नकार दिला. तेव्हा तिने विवाहापूर्वी पराशर ऋषींपासून झालेल्या आपल्या मुलाला, व्यासांना, बोलावले. तिने मांडलेला युक्तिवाद नात्यांच्या इतिहासात विलक्षण महत्त्वाचा आहे : भीष्म जसा बापाकडून विचित्रवीर्याचा भाऊ, तसाच व्यास आईकडून त्याचा भाऊ आहे, आणि म्हणून तोही या कामाला तितकाच पात्र आहे. पितृसत्ताक राजघराण्याची सूत्रे हाती असलेल्या एका विधवेने आईकडून आलेले भावाचे नाते बापाकडून आलेल्या नात्याच्या बरोबरीला आणून बसवले आणि भीष्मासारख्या धर्मज्ञाने त्यावर आक्षेप घेतला नाही.

या निर्णयाचा परिणाम शांतपणे पाहिला पाहिजे. धृतराष्ट्र आणि पांडू यांच्या अंगात शंतनूचे रक्त नाही. त्यांचे बीज पराशरपुत्र व्यासांचे आहे, आजी सत्यवती आहे आणि माता काशीच्या राजकन्या आहेत. पांडवांच्या बाबतीत तर व्यासांचेही बीज उरत नाही, कारण किंदम ऋषींच्या शापामुळे पांडूला संतती होणे शक्य नव्हते आणि कुंतीने दुर्वासांनी दिलेल्या मंत्राने धर्म, वायू आणि इंद्र यांना, तर माद्रीने अश्विनीकुमारांना आवाहन करून पुत्र मिळवले. कुरुवंशाच्या राज्यासाठी दोन्ही बाजूंनी लढणाऱ्या भावांपैकी एकातही प्रतीपाचे रक्त नव्हते. ते ज्यांच्यात होते ते पुरुष रणांगणावर वेगळ्याच जागी उभे होते : एक ब्रह्मचारी भीष्म, आणि दुसरी मामाकडे गेलेल्या बाह्लीकाची शाखा. तो अतिवृद्ध बाह्लीक, त्याचा मुलगा सोमदत्त आणि नातू भूरिश्रवा असे तिघेही कौरवांच्या बाजूने लढले आणि द्रोणपर्वात तिघांचाही अंत झाला. बाह्लीकाला भीमाने मारले. प्रतीपाच्या औरस वंशाचा असा नाश होत असताना खुद्द कथेत त्याबद्दल कोणी शोक करत नाही, कारण त्या समाजाच्या मते वंश रक्ताने नव्हे तर विधीने आणि स्वीकाराने चालत होता.

पांडूने कुंतीची समजूत घालताना पुत्रांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतही हीच धारणा दिसते. स्वतःपासून झालेला, नियोगाने मिळालेला, पुनर्विवाहित स्त्रीचा, विवाहापूर्वी झालेला म्हणजे कानीन, दत्तक आलेला, विकत घेतलेला, आपणहून आलेला आणि विवाहसमयी आईच्या उदरात असलेला म्हणजे सहोढ, अशा अनेक प्रकारांना तेथे पुत्र म्हटले आहे. मनूनेही बारा प्रकारचे पुत्र मोजून त्यांतील सहांना वारसाहक्क दिला आहे. पुत्रावाचून पितर तृप्त होत नाहीत या श्रद्धेने समाजाला पुत्रत्वाची व्याख्या इतकी रुंद करायला लावली. मात्र आईच्या जातीची भिंत तिने ओलांडली नाही. विदुर हा व्यासांचाच मुलगा आणि तिघांत सर्वांत शहाणा, पण दासीच्या पोटी जन्मल्यामुळे गादीच्या विचारात त्याचे नावही निघत नाही. धृतराष्ट्राला वैश्य स्त्रीपासून झालेला युयुत्सू याची स्थितीही तशीच होती. बीज कोणाचेही चालत होते, क्षेत्र मात्र उच्च कुळातलेच लागत होते.

पांडूने आणखी पुत्र मागितले तेव्हा कुंतीने नकार देताना सांगितले की आपत्काळातही तिसऱ्यानंतरचे अपत्य शिष्टांना मान्य नाही. चौथ्याने स्त्री स्वैरिणी ठरते आणि पाचव्याने त्याहून हीन. हे बोलताना तिच्या मनात काय झाले असेल याचा विचार केल्यावाचून राहवत नाही, कारण अर्जुन जगाच्या दृष्टीने तिचा तिसरा मुलगा असला, तरी तिच्या स्वतःच्या हिशेबात तो चौथा होता.

कर्णाचा नकार

कुंतीचा पहिला मुलगा कर्ण हा शास्त्राच्या भाषेत कानीन पुत्र, आणि कानीन पुत्र हा त्याच्या आईशी पुढे विवाह करणाऱ्या पुरुषाचा पुत्र मानला जातो. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन हाच नियम सांगतो : तू धर्माने पांडूचा ज्येष्ठ पुत्र आहेस, चल, राजा हो, पाची पांडव तुझे पाय धरतील आणि सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझी पत्नी होईल. हे आमिष असले तरी त्यातील कायद्याची बाजू बिनतोड आहे, आणि कर्णही ती खोडून काढत नाही; आपण पांडूचा पुत्र ठरतो हे तो मान्य करतो. त्याचा नकार वेगळ्या पायावर उभा आहे. सूत अधिरथाने आपल्याला घरी आणले तेव्हा मायेने त्याची पत्नी राधा हिच्या स्तनांत दूध उतरले, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने जातकर्मादी संस्कार केले, वसुषेण हे नाव ठेवले आणि आपली लग्ने सूतकुळात लावून दिली. त्या बायका आणि त्यांच्यापासून झालेली मुले-नातवंडे हेच आपले घर आहे, असे तो सांगतो.

संपूर्ण महाकाव्यात नात्याची इतकी खोल व्याख्या दुसरीकडे कुठे सापडत नाही. बीजाचा, क्षेत्राचा आणि कायद्याचा विचार बाजूला ठेवून कर्ण पालनपोषणालाच नाते म्हणतो, आणि हे तो अशा क्षणी म्हणतो जेव्हा उलट बोलल्यास सारी पृथ्वी मिळणार आहे. शिवाय तो कृष्णाला हे गुपित युधिष्ठिराला कळू न देण्याची विनंती करतो, कारण कळले तर युधिष्ठिर राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू, हे त्याला ठाऊक आहे. कर्णाचे भाऊबंदांतले स्थान पक्के झाले ते मरणानंतर. स्त्रीपर्वात मृतांना पाणी देण्याची वेळ आली तेव्हा कुंतीने सत्य सांगितले आणि थोरल्या भावाला पाणी द्या असे पांडवांना विनवले. पाणी देण्याचा अधिकार आणि कर्तव्य नातलगांचे असल्यामुळे तो विधी हाच नात्याचा स्वीकार ठरला. युधिष्ठिराने कर्णाच्या स्त्रियांना बोलावून त्यांच्यासह ते उत्तरकार्य केले.

सोयऱ्यांची सेना

पांडव वनवास आणि अज्ञातवास संपवून बाहेर आले तेव्हा त्यांच्याजवळ राज्य, कोश आणि सैन्य यांपैकी काहीही नव्हते. तरीही कुरुक्षेत्रावर त्यांच्या बाजूने सात अक्षौहिणी सेना उभी राहिली, आणि ती कोणी आणली हे पाहिले की स्त्रियांकडून येणाऱ्या नात्यांचे बळ ध्यानात येते. द्रुपद हा सासरा, धृष्टद्युम्न आणि शिखंडी हे मेहुणे, विराट हा व्याही. चेदीचा धृष्टकेतू हा नकुलाची पत्नी करेणुमती हिच्या माहेरचा आणि पांडवांच्या मावसभावाचा, म्हणजे शिशुपालाचा, मुलगा. कृष्ण हा मामेभाऊ आणि अर्जुनाचा मेहुणा. भीमाला हिडिंबेपासून झालेला घटोत्कच आणि अर्जुनाला नागकन्या उलूपीपासून झालेला इरावान हे दोघे आजोळी वाढले आणि बापासाठी लढताना मेले. पांडवांचा सेनापतीही पांडव नव्हता. ते पद अठराही दिवस मेहुण्याकडे होते.

दुर्योधनाच्या अकरा अक्षौहिणींतही सोयरे होते : मामा शकुनी, आणि एकुलती बहीण दुःशला हिचा पती सिंधुराज जयद्रथ. मद्रराज शल्य हा माद्रीचा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवांचा सख्खा मामा; तो भाच्यांकडेच निघाला होता, पण वाटेत दुर्योधनाने गुपचूप केलेल्या पाहुणचाराच्या उपकारात अडकून उलट बाजूला गेला. दुःशलेचे नाते युद्धाहूनही चिवट ठरले. वनपर्वात जयद्रथाने द्रौपदीचे हरण केले तेव्हा युधिष्ठिराने दुःशला आणि गांधारी यांच्याकडे पाहून त्याचा जीव घेऊ दिला नाही. आणि अश्वमेधाच्या घोड्यामागून अर्जुन सिंधुदेशात पोहोचला तेव्हा दुःशला लहानग्या नातवाला घेऊन रणांगणात आली आणि शस्त्रे खाली ठेवली गेली. शंभर भाऊ गेल्यावरही ती पांडवांची बहीण राहिली होती.

नात्याने शत्रुत्वालाही मर्यादा घातली. शिशुपाल हा कृष्णाचा आतेभाऊ, आणि त्याचे शंभर अपराध पोटात घालीन हा शब्द कृष्णाने आपल्या आत्याला दिला होता. रामायणात मात्र सोयऱ्यांचे हे जाळे जवळजवळ नाही. चारही भावांचे विवाह जनक आणि त्याचा भाऊ कुशध्वज यांच्या मुलींशी होतात, तरी सीतेच्या शोधात किंवा लंकेच्या युद्धात मिथिलेतून कोणी येत नाही. रामाला मदत मिळते ती मैत्रीतून.

मामाची मुलगी

कुंती ही शूराची मुलगी पृथा, वसुदेवाची बहीण. शूराने ती आपल्या निपुत्रिक आतेभावाला, कुंतिभोजाला, दिली होती. तिच्या मुलाने, अर्जुनाने, वसुदेवाची मुलगी सुभद्रा हिला रैवतकावरच्या उत्सवात कृष्णाच्याच सल्ल्याने पळवून नेले, म्हणजे मामाच्या मुलीशी विवाह केला. बलरामासह सारे वृष्णी खवळले ते अपमान झाला म्हणून. नाते निषिद्ध आहे असे कोणीही म्हणत नाही. उत्तरेतील स्मृतिकारांना मात्र हा विवाह खटकणारा होता. मनूने मामाची, आत्याची आणि मावशीची मुलगी वर्ज्य ठरवून प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि कुमारिल भट्टांनी सुभद्रा ही कृष्णाची सख्खी बहीण नसावी असे स्पष्टीकरण देऊन अर्जुनावरील दोष दूर करण्याचा प्रयत्न केला. बौधायनाने उलट मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह हा दक्षिणेचा आचार म्हणून नोंदवला आणि ज्या प्रदेशाचा जो आचार तो तेथे प्रमाण, असा निर्वाळा दिला.

महाराष्ट्र या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहे. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न इष्ट मानले जाते, तर आत्याच्या मुलीला सून करून घेण्याबद्दल पुष्कळ ठिकाणी नाखुशी असते. मुली एकाच दिशेने द्याव्यात, आई ज्या घरातून आली त्या घरातून सून यावी, असा या रूढीचा अर्थ इरावती कर्वे यांनी उलगडून दाखवला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचे नाते निषिद्ध ठरवताना जेथे रूढी असेल तेथे सूट ठेवली, त्यामुळे ही चाल आजही कायदेशीर आहे. विदर्भाशी जोडलेल्या कथेतही तिचे उदाहरण सापडते : रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कृष्णाचा कट्टर वैरी, तरी भागवतपुराणानुसार त्याने आपली मुलगी बहिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला, दिली आणि पुढे नातही प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला, दिली.

अर्जुनाचा आणखी एक विवाह याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. मणिपूरच्या चित्रवाहन राजाने आपली मुलगी चित्रांगदा ही पुत्रिका आहे असे सांगूनच त्याला दिली. पुत्रिका म्हणजे जिचा मुलगा बापाच्या नव्हे तर आईच्या बापाच्या वंशात मोजला जातो अशी मुलगी. अर्जुनाने ती अट मान्य केली आणि बभ्रुवाहन आजोबांच्या गादीचा वारस झाला.

वनवासाच्या काळात द्रौपदीच्या पाचही मुलांना आजोबा द्रुपद आणि मामे पांचाल देशात बोलावत होते, पण त्यांचे मन तेथे रमेना. ती सुभद्रेच्या मायेखाली द्वारकेत वाढली आणि तिचा मुलगा अभिमन्यू याच्याबरोबर शस्त्रविद्या शिकली. युद्धाच्या शेवटच्या रात्री अश्वत्थाम्याने त्या पाचांना झोपेत मारले. अभिमन्यू आधीच गेला होता. विराटाने आपली मुलगी उत्तरा अर्जुनाला देऊ केली तेव्हा अर्जुनाने तिला पत्नी म्हणून नाकारून सून म्हणून स्वीकारले होते, आणि आता कुरुकुलाचा सारा भार तिच्या पोटातल्या गर्भावर आला. तो परीक्षित.

छत्तीस वर्षांनी यादवही आपसांत लढून संपले. पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा हस्तिनापुरात परीक्षिताला अभिषेक झाला आणि राज्याची देखरेख युयुत्सूकडे सोपवली गेली. यादवांपैकी उरलेला कृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थाची गादी मिळाली. जाताना युधिष्ठिराने या व्यवस्थेची जबाबदारी सुभद्रेवर टाकली. तुझा नातू कुरूंचा राजा होईल, वज्र इंद्रप्रस्थात राज्य करील, त्याचे तू रक्षण कर आणि अधर्माकडे मन जाऊ देऊ नकोस, असे त्याने तिला सांगितले. एका गादीवर तिचा नातू आणि दुसऱ्या गादीवर तिच्या भावाचा पणतू बसला होता.